साडेपाचची वहिवाट

माझे काका पेंटर. चित्रं काढणारे नव्हेत, पाट्या रंगवणारे. गावातल्या दुकानांवरची, दवाखान्यांवरची, होड्यांवरची निम्मी अक्षरं त्यांच्या हातची. आता सगळं छापून मिळतं, तरी खाऱ्या हवेत टिकणारी पाटी हवी असेल तर लोक अजून काकांकडेच येतात. आधी पत्रा घासायचा, त्यावर प्रायमरचा हात द्यायचा, मग रंगाचे दोन. मग खडू लावलेली दोरी ताणून रेघ मारायची आणि शेवटी अक्षर. "घाई केली की अक्षर रडतं," असं ते म्हणायचे. म्हणजे ओघळ येतात.

बाबा गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते. तेव्हापासून आईचा आणि माझा भार काकांनी उचलला. त्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे मी कधी विचारलं नाही. घरातल्या भिंतीला कुणी विचारतं का, तू इथे का उभी आहेस म्हणून? दोन वर्षांपूर्वी आईही गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो.

मागच्या वर्षी काकांना एका मोठ्या पाटीचं काम आलं. समुद्राकडचा जुना बंगला अठरा वर्षं कुलूप लावून पडला होता. तो कुणा बाहेरच्या माणसाने विकत घेतला होता. तिथे पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या होत्या. त्याच्या मॅनेजरने मजकूर लिहून दिला : 'खासगी मालमत्ता. आत येण्यास सक्त मनाई.' काकांनी चार दिवस खपून पाटी केली. पांढऱ्यावर लाल, 'सक्त'मधला 'क्त' बघत राहावा असा. पाचव्या दिवशी ती खांद्यावर घेऊन ते ठोकायला गेले आणि तासाभराने पाटीसकट परत आले. भिंतीकडे तोंड करून ती उभी केली आणि म्हणाले, "ही चुकली."

मी वाचून पाहिली. "कुठे? शुद्धलेखन तर बरोबर आहे."

"जागा चुकली. बोळाच्या तोंडाशी लावायची म्हणतात."

बोळ म्हणजे बर्फाचा कारखाना आणि त्या बंगल्याची भिंत यांच्यामधली वाट. दोन माणसं शेजारून चालली तर खांद्याला खांदा लागतो, एवढीच रुंद. शेवटी झिजलेल्या दगडी पायऱ्या, खाली काळे खडक, वाळू आणि पाणी. गावातून समुद्रावर जायला हा सरळ रस्ता. नाहीतर धक्क्याच्या बाजूने अर्ध्या तासाचा वळसा.

काकांनी पाटी दिली नाही म्हणून मॅनेजरचं काय अडलं? त्याने प्लास्टिकवर छापून आणली. त्या आठवड्यातच बोळाला लोखंडी फाटक बसलं, कुलूपही लागलं. लोक कुरकुरले. "बडे लोक आहेत बाबा," म्हणाले, आणि वळसा घालून जायला लागले. चारआठ दिवसांत पायांना वळशाची सवयही झाली. काकांना मात्र झाली नाही. रोज संध्याकाळी साडेपाचला ते घरातून निघायचे, फाटकापाशी उभे राहायचे आणि सव्वासहाला परत यायचे. मला वाटायचं, हट्ट आहे म्हाताऱ्याचा.

मी नगरपालिकेत आवक-जावक टेबलावर काम करते. येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि तो योग्य खात्याकडे धाडायचा. एका सोमवारी मान वर करून बघते तर रांगेत चौथ्या नंबरला काका. घरून एकत्र निघालो होतो, तरी एका शब्दाने बोलले नव्हते. त्यांची पाळी आली.

"विषय?" मी विचारलं.

"समुद्रावर जाण्याची सार्वजनिक वाट खुली करून मिळणेबाबत," ते परक्यासारखे म्हणाले.

मी शिक्का मारला. काय करणार, कामाच्या जागी नातं चालत नाही. पोच घेऊन ते निघाले, आणि जाता जाता हळूच म्हणाले, "येताना लिंबं आण."

सुनावणी लागली. घेणाऱ्या अधिकारी बाई होत्या, चष्मा डोक्यावर ठेवून तोच टेबलावर शोधणाऱ्या. पण कामाला चोख. त्यांनी पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं, "नकाशात बोळ आहे, पण कुणाचा ते लिहिलेलं नाही. तेव्हा प्रश्न वहिवाटीचा. लोक वर्षानुवर्षं, उघडपणे, कुणाला न विचारता तिथून जात होते, हे दाखवा. हक्क सिद्ध होईल."

"मी बत्तीस वर्षं जातोय," काका म्हणाले.

मालकाचे वकील तयारीचे होते. म्हणाले, "त्यातली शेवटची अठरा वर्षं बंगला रिकामा होता. अडवायला कुणी नव्हतंच, मग ती धरायची कशी? त्याआधी बंगल्यात वृद्ध मालकीणबाई राहत होत्या, आणि लोक जात होते ते त्यांच्या परवानगीने. परवानगीने गेलं की हक्क नाही, मेहेरबानी." त्यांनी बंगल्याचा जुना माळी साक्षीला आणला होता. माळीबुवांचं वय ऐंशीच्या पुढे, कान अर्धे. "बाई मोठ्या मनाच्या होत्या, कुणाला नाही म्हणायच्या नाहीत," एवढं ते बोलले, आणि वकिलांनी ते लिहून घ्यायला लावलं.

अधिकारी बाई काकांना म्हणाल्या, "तुम्ही अर्जदार आहात, तुमचा एकट्याचा शब्द पुरणार नाही. मालकीणबाई राहत असताना त्या वाटेने रोज जाणारं आणखी कुणी आहे का?"

काका खाली बघत राहिले. मग म्हणाले, "नाही."

मी त्यांना ओळखत होते. ते खोटं बोलत होते.

कोपऱ्यावर इस्त्रीवाल्या मावशींचं दुकान आहे. त्या दुकानातून बोळाचं तोंड समोर दिसतं. संध्याकाळी मी कपडे आणायला गेले आणि हा सगळा प्रकार सांगितला. मावशींनी इस्त्री उभी करून ठेवली.

"नाही म्हणाले? अगं, हॅलोबाई आहे की!"

"कोण हॅलोबाई?"

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुला माहीत नाही? कमाल आहे. काखेत कळसा म्हणतात तो हाच."

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एक बाई होती. कुणीही रिसीव्हर उचलला की आधी तिचा 'हॅलो' ऐकू यायचा, म्हणून गावाने तिचं नाव हॅलोबाई ठेवलं. तिची ड्यूटी साडेपाचला सुटायची. घरी मोठी बहीण होती. वयाने मोठी, पण बुद्धीने चार वर्षांची. परकं माणूस घरात आलं की ती जेवणखाण सोडायची. एकदा काकांना घरी जेवायला बोलावलं, तर ती दोन दिवस उपाशी राहिली. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. शेजारीण सव्वासहापर्यंत बहिणीजवळ बसायची. तेवढा पाऊण तास हॅलोबाई मोकळी. "ती मागच्या गल्लीतून यायची, तुझे काका पुढून. नऊ वर्षं. मग एक्स्चेंज बंद झालं, तिची बदली झाली, ती बहिणीला घेऊन शहरात गेली. तरी हे आपले रोज जातातच." मावशींनी इस्त्री पुन्हा उचलली. "पण माझं नाव सांगू नकोस हं. त्या दोघांना वाटतं, कुणाला पत्ता नव्हता."

घरी येऊन मी कपडे कपाटात लावले. काका ब्रश धूत होते. मी पाठमोरीच म्हणाले, "काका, हॅलोबाईंचा पत्ता आहे तुमच्याकडे?"

पाण्याचा आवाज थांबला. ते म्हणाले, "तिला कशाला त्रास?"

"मग बोळ गेला असं समजायचं."

पत्र लिहायला त्यांना तीन दिवस लागले. आयुष्यभर मोठी अक्षरं काढलेला हात. चार ओळींत पान भरायचं. सहा कागद फाडले. शेवटी एकच वाक्य पाठवलं : 'बोळ बंद झाला आहे, तू रोज यायचीस हे सरकारसमोर सांगावं लागेल, जमेल का?' उत्तर आलं त्यात एकच शब्द होता. 'येते.'

सुनावणीच्या दिवशी सकाळच्या बसने त्या आल्या. मी आणायला गेले. काका आलेच नाहीत. म्हणाले, कागदपत्रं लावायची आहेत. बसमधून एक ठेंगणी, साठीची बाई उतरली. हातात छत्री, खांद्याला पर्स, गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरणारी. मला बघून म्हणाली, "नाक अगदी ह्यांचंच." आवाज ऐकला आणि मला कळलं, गावाने तिला ते नाव का दिलं. कुणी त्या आवाजात 'थांबा, जोडून देते' म्हटलं असतं, तर मी दिवसभर थांबले असते.

सभागृह भरलं होतं. मावशी, कारखान्याचे मुकादम, धक्क्यावरची माणसं. काका पहिल्या बाकावर, दाढी नीट केलेली, कानामागे रंगाचा निळा ठिपका तसाच. हॅलोबाई दोन खुर्च्या सोडून बसल्या. बावीस वर्षांनी एकमेकांना बघून दोघांनी फक्त मान हलवली.

वकील उभे राहिले. "तुम्ही त्या बोळातून जात होता?"

"हो. नऊ वर्षं. सुट्टीचा वार सोडून रोज."

"कशासाठी?"

"बोलायला."

"कुणाशी?"

त्यांनी काकांकडे न बघता हात केला. "ह्यांच्याशी."

आपल्याकडे बाई 'हे' कुणाला म्हणते ते लहान पोरालाही ठाऊक असतं. काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले.

"बंगल्याच्या मालकीणबाईंची परवानगी घेतली होती?"

"नाही."

"त्यांना माहीत होतं?"

"माहीत असतं तर आम्ही गेलोच नसतो," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. "कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून मी मागच्या गल्लीतून यायचे, हे पुढून. जातानाही वेगवेगळे जायचो."

वकिलांचा चेहरा खुलला. "म्हणजे चोरून! मॅडम, याची नोंद घ्या. लपूनछपून केलेल्या वापराची वहिवाट होत नाही. उघडपणे हवं."

हॅलोबाईंच्या लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो ते. मी डोळे मिटले. खरं बोलून घात झाला होता.

तेवढ्यात मागून आवाज आला, "चोरून कसलं डोंबलाचं!"

इस्त्रीवाल्या मावशी उभ्या होत्या. "साहेब, ही गल्लीतून वळली की मी इस्त्री बंद करायचे. साडेपाच वाजले हे मला तिच्यावरून कळायचं. माझ्या दुकानात घड्याळ कधी नव्हतंच."

"आणि आमचं काय?" मुकादम उठले. "साडेपाच ते सव्वासहा बर्फाच्या गाड्या आम्ही त्या बाजूने काढायचो नाही. साहेबांचा नियम नव्हता, आमचाच होता. उगीच त्यांच्या अंगावर पाणी उडायला नको."

हशा पिकला. चारपाच जण एकदम बोलायला लागले. अधिकारी बाईंनी टेबलावर थाप मारली. "एकेक जण! आणि शपथेवर!" मग त्या माळीबुवांकडे वळल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "बाबा, तुम्ही या दोघांना पाहिलं होतं?"

"रोज," माळीबुवा म्हणाले. "मी त्या वेळी भिंतीकडच्या वेलांना पाणी घालत नसे. बोळात चिखल व्हायचा."

"आणि मालकीणबाईंनी?"

"त्या तर वरच्या खिडकीतच बसलेल्या असायच्या. एकदा पावणेसहा झाले तरी ह्या बाई आल्या नाहीत, तर मला म्हणाल्या, जाऊन बघ रे, एक्स्चेंजात काही बिघडलंय का."

वकील घाईने म्हणाले, "बुवा, परवानगी होती असं तुम्ही मागच्या वेळी सांगितलंत!"

"बाई नाही म्हणत नसत, असं सांगितलं. मागितली असती तर दिली असती. पण ह्यांनी मागितलीच नाही की." माळीबुवांनी त्या दोघांकडे बघितलं. "असल्या कामाला परवानगी कोण मागतं, साहेब?"

अधिकारी बाईंनी डोक्यावरचा चष्मा पहिल्या प्रयत्नात शोधला आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. मी काकांकडे बघितलं. कानापर्यंत लाल झाले होते. हॅलोबाई पदर, रुमाल काही न शोधता तशाच रडत होत्या, आणि हसतही होत्या. नऊ वर्षं ज्यांच्यापासून लपलो, ते सगळे आपल्याला सांभाळत होते, हे कळायला इतकी वर्षं लागली होती.

परतीची बस साडेतीनची होती. बहिणीजवळ बसणारी शेजारीण आता नव्हती; पगारी बाई ठेवली होती, ती सहाला जाणार. आम्ही तिघं चालत फाटकापर्यंत गेलो. फाटक अजून बंदच होतं. गजांतून पायऱ्यांचं टोक दिसत होतं आणि त्यापलीकडे हातभर पाणी.

"खडक तेवढाच आहे?" हॅलोबाईंनी विचारलं.

"तेवढाच," काका म्हणाले. "एक कोपरा तुटला. त्या मोठ्या वादळात."

"कुठला? तुमच्या बाजूचा की माझ्या?"

"माझ्या."

मी बाजूला व्हायला लागले तर त्यांनी माझा हात धरला. "थांब गं. तुझ्या पहिल्या दातापासून सगळं ऐकलंय मी. तुला गोवर झाला तेव्हा हे आठवडाभर दुसरं काही बोलले नाहीत." मग अगदी सहज, कुणाला दोष न देता, म्हणाल्या, "बदलीची ऑर्डर आली तेव्हा मी ह्यांना म्हटलं, चला बरोबर. हे म्हणाले, पोरगी लहान आहे. मी म्हटलं, बरोबर आहे. तुमची पोरगी मोठी तरी होईल. माझी ताई कधीच व्हायची नाही."

स्टँडवर पोचलो तोवर बस आली. काकांनी त्यांची छत्री वर दिली. त्या म्हणाल्या, "निकाल लागला की कळवा."

"येशील?"

"ते विचारू नका. कळवा फक्त."

निकाल सात आठवड्यांनी लागला. माझ्याच टेबलावरून तो कागद गेला, शिक्का मीच मारला. बोळ सार्वजनिक ठरला. मालकाने वर अपील केलं, ते टिकलं नाही. पालिकेच्या माणसांनी गॅस कटरने फाटक कापून काढलं तेव्हा अख्खी गल्ली बघायला आली होती. मावशींना जन्मात पहिल्यांदा समुद्रावर जायची हौस आली; "इतकी वर्षं दुसऱ्यांनाच जाताना बघितलं," म्हणाल्या, आणि चपला हातात घेऊन निघाल्या.

काका रोज जायला लागले. मला वाटलं, चला, सुटलो. पण माणूस मिटत चालला होता. पाट्यांची कामं परत पाठवायला लागले. जेवताना पाण्याचा पेला हातात धरून बसून राहायचे. तीन महिने असे गेले. एका सकाळी बघते तर ब्रश वर्तमानपत्रात गुंडाळून बांधत होते. जाडीप्रमाणे, ओळीने.

"हे काय?"

"मी जातोय. तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर एक खोली बघितली आहे. तिला वेळ पाऊण तासच असतो. पण असतो."

मला राग आला. का आला ते सांगता येणार नाही. "मग एवढी धडपड कशासाठी केलीत? अख्ख्या गावासमोर उभे राहिलात. बोळ मिळवलात आणि आता सोडून जाताय?"

"बोळ लोकांचा आहे गं. माझ्यावाचून त्याचं अडणार नाही." त्यांनी गाठ मारली. "फाटक लागलं तेव्हा वाटलं, हे गेलं तर आपल्याजवळ काही उरत नाही. उघडल्यावर रोज गेलो, खडकावर बसलो. तिथे कुणीच नव्हतं."

मग त्यांनी विचारलं, आणि अगदी खरोखर, उत्तर हवं असल्यासारखं विचारलं, "तू आता मोठी झालीस ना?"

"मी एकोणतीस वर्षांची आहे, काका."

"तेच म्हणतो मी."

त्यांना बसमध्ये बसवलं आणि थेट ऑफिसला गेले. दिवसभर शिक्के मारले. एकही तारीख चुकली नाही.

आता ते फोन करतात. त्या शहरात समुद्र नाही. एक कालवा आहे, त्याला वास मारतो, पण काठाला बाक आहे म्हणे. ताईला अजून त्यांचा पत्ता लागू दिलेला नाही. हॅलोबाई घराचा दरवाजा ओढून घेतात आणि दोन गल्ल्या चालून येतात. "गुडघ्यामुळे तिला यायला दहा मिनिटं लागतात, जायला दहा," काका सांगतात. "उरतात पंचवीस. भांडायलाही पुरत नाहीत." आणि हसतात. असं हसताना मी त्यांना आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं. ते ऐकलं की बरं वाटतं.

सुट्टीच्या दिवशी मी बोळातून खाली जाते. पोरंटोरं असतात, पोहून आलेली माणसं ओल्या पायांनी वर चढत असतात, कधी मावशी असतात. कुणी ना कुणी विचारतंच, काका कसे आहेत. मजेत आहेत, मी सांगते. मग घरी येते. एकटीचाच चहा करायची सवय अजून झालेली नाही, दुसरा कप काढून परत ठेवावा लागतो. त्यांच्या खोलीत टर्पेंटाइनचा वास अजून आहे. तिथली खिडकी मी उघडत नाही.